घडीवर विरलेलं रेशीम

बंगळूरला के. आर. पुरममध्ये आमचं जुन्या साड्यांचं दुकान आहे. लोक साड्या आणून ठेवतात. विकली गेली की आमचा वाटा काढून पैसे देतो, नाही गेली तर साडी परत. चांगला माल बहुतेक मेलेल्या बायकांचा असतो, कारण लेकीसुनांना कपाट रिकामं हवं असतं. गिऱ्हाईक पदर खांद्यावर टाकून आरशात बघतं, खूश होतं, आणि मग विचारतं, "अक्का, जिची आहे ती आहे ना?" मला खोटं बोलता येत नाही. साडी टेबलावरच राहते.

मागच्या गल्लीतले एक अण्णा, आमच्यासारखेच निपाणीकडचे, बायको गेल्यावर तिच्या रेशमी साड्या घेऊन आले. मुलगा व्हाइटफील्डला, सून साडी नेसत नाही.

"पैशाचं राहू द्या," ते म्हणाले. "कुणाच्या तरी अंगावर दिसू देत. कापायला तेवढ्या देऊ नका."

जुनं रेशीम कापून पिशव्या शिवणारी एक बाई आमच्याकडे येते. मेलेलीची की जितीची, ती विचारत नाही. तिला द्यायच्या नाहीत, असं मी कबूल केलं.

रोज संध्याकाळी फिरायला निघाले की अण्णा दारात थांबत. अजून गेली नाही म्हणून मी मान हलवली की पुढे जात.

माझ्या सुनेनं फोनवर व्हिडिओ करायचं काढलं. "आई, लोकांना गोष्ट लागते," म्हणाली. अण्णांना स्टुलावर बसवून तिनं बायकोबद्दल बोलतं केलं. लोकांनी लाल बदाम पाठवले, रडकी तोंडं पाठवली. दुकानात कुणी आलं नाही. आली ती पिशव्यावाली.

"आजी, व्हिडिओतल्या त्याच द्या. गोष्टीसकट पिशव्या लगेच जातील."

मी नाही म्हटलं. सून म्हणाली, "मग भाडं बदामांनी भरायचं का?"

रेशीम एकाच घडीवर ठेवलं की विरतं, म्हणून अधूनमधून घडी मोडून दुसरी घालावी लागते. परवा त्यांच्या साड्या काढल्या, तेव्हा अण्णा आले. एका साडीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांना घडी घालता येत नव्हती, नुसते धरून उभे राहिले.

"अक्का, तुम्ही तरी एक नेसा."

"आणि गल्लीत काय सांगू? अण्णांनी दिली?"

ते हसले. व्हिडिओतसुद्धा हसले नव्हते. "स्वल्प ओढा, वाकडी होतेय," मी म्हटलं. त्यांनी ओढली आणि जांभळी साडी मधल्या घडीवर काठापासून काठापर्यंत फाटत गेली. जोर लागलाच नव्हता. त्यांच्या बायकोनं सणालग्नाला काढायची म्हणून आयुष्यभर एकाच घडीवर जपून ठेवली होती.

माझं टोक टेबलावर ठेवून बाकीच्या मी दाराच्या उजेडात धरून पाहिल्या. सगळ्यांतून घडीवर बाहेरचा रस्ता दिसत होता.

"रफू?" अण्णांनी विचारलं.

"टाका घातला की बाजूचंही जाईल."

त्यांनी फाटलेली कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "ती पिशव्यावाली कधी येते?"

"शनिवारी."

"सरी, चालेल," ते म्हणाले.

पण हातातलं टोक त्यांनी सोडलं नाही. मग मीही माझं टोक पुन्हा उचललं आणि धरून राहिले.