स्वतःच्या कादंबरीवर बंदी घालणारे मंत्रीसाहेब

मुलांनो, स्वतःच्याच कादंबरीवर बंदी घालणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो इथे कुवेतमध्ये, महबूला भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथिओपियात ते कादंबरीकार होते आणि मंत्रीही होते. आता ऐंशी ओलांडल्यावर डॉक्टर मुलीकडे राहायला आले आहेत. मंत्रिपद सुटलं, पण रुबाब सुटलेला नाही. लिफ्ट उघडली की आधी आत कोणकोण आहे ते पाहतात, मान डोलावून मंजुरी देतात आणि मगच पाऊल टाकतात.

पहिल्यांदा त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं ते "दहा वाजता या" म्हणून. मला वक्तशीरपणाचं वेड. दहाच्या ठोक्याला मी रेशमी साडीत आणि तुमचे आजोबा कडक इस्त्रीत त्यांच्या दारात हजर! मंत्रीसाहेबांनी दार उघडलं ते पायजम्यात, गालाला साबणाचा फेस. "मॅडम, अजून तर चारच वाजलेत!" त्यांच्या देशात तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे दहा म्हणजे आपले दुपारचे चार. कुवेतच्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आम्ही परत गेलो आणि चारला पुन्हा नटून आलो. तेव्हा हिरव्या बिया समोर भाजून, कुटून केलेली कॉफी तीनदा मिळाली. तिसरा पेला आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं. आजोबा रात्रभर टक्क जागे!

बंदीची गोष्ट तेव्हाच कळली. पुस्तकांना परवानगी देणारं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांची स्वतःची कादंबरी त्यांच्याच टेबलावर आली आणि तिच्यात एका मंत्र्याची यथेच्छ टिंगल होती.

"मग हो, तुम्ही काय केलंत?" आजोबांनी विचारलं.

"नामंजूर केली. खुर्चीचा मान नको राखायला?"

"आई महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी," मुलगी म्हणाली. "सगळी कादंबरी तिनेच टाइप केली होती. तिची सगळ्यांत आवडती. टाइप करता करता मध्येच थांबून हसत बसायची." ती प्रत पुढे सरकारी फायलींत गडप झाली आणि आईही गेली. आता बाबा तीच कादंबरी आठवून आठवून पुन्हा लिहीत होते. ती आता फक्त त्यांच्या डोक्यात उरली होती, आणि ते डोकं ऐंशी वर्षांचं!

पण ती पुढे सरकेल तर शपथ. सकाळी सैल सदऱ्यात कादंबरीकार लिहायचे. जेवण झालं की कोट-टाय चढवून त्याच टेबलाशी मंत्री बसायचे आणि लाल पेनाने सकाळचं सगळं खोडायचे. "हा लेखक फार वाहवत जातो," असं मलाच सांगायचे.

शेवटी त्यांच्या मुलीने आणि मी कट केला. टायशिवाय मंत्री होता येत नाही आणि टाय एकच! मी तो इस्त्रीच्या निमित्ताने आणला आणि आमच्या तांदळाच्या डब्यामागे ठेवला. दोन दिवस इस्त्रीवाला आजारी पडला, तिसऱ्या दिवशी गावाला गेला. चौथ्या दिवशी मंत्रीसाहेब स्वतःच आमच्या दारात.

"टाय नाही? अहो, माझे घ्या की!" आजोबा उत्साहाने तीन टाय घेऊन आले.

"अहो, त्यांवर आमटीचे डाग आहेत ना?" मी डोळे वटारले.

"कुठे? छे गं! हा बघ, कोरा आहे."

मंत्रीसाहेबांनी टायकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून पोट धरून हसू लागले. "म्हणजे माझं सरकार पाडलंत तर!" त्यांनी टाय घेतला नाही. त्यानंतर लाल पेनही दिसलं नाही.

गेल्या शुक्रवारी कादंबरी पुरी झाली. शेवटचं पान वाचून दाखवायला ते आमच्याकडे आले. एरवी ते आम्हाला इंग्रजीत करून सांगतात, पण त्या दिवशी म्हणाले, "हे तिच्याच भाषेत वाचतो, चालेल ना?" अम्हारिक आम्हाला कुठली कळायला? तरी आम्ही ऐकत राहिलो. मध्येच एका ओळीशी ते थांबले, कुणाच्या तरी हसण्याला जागा द्यावी तसे. थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग पुढे वाचू लागले.