दुसरी चिठ्ठी कशाला बांधायची

प्रियलवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आणि ते मी लपवलंही नाही. तळोद्याच्या घेवरचंद शेठची नात ती. खाली आजोबांचं कापडाचं दुकान, वर माळ्यावर साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये हिचं टेबल. वय सव्वीस. नाशिकला शिकली, पुण्यात नोकरी केली, मग लॅपटॉप उचलून घरी आली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचणारा प्रोग्रॅम बनवते, असं सांगते. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्याआधी काम बंद. परदेशातला साहेब ताटकळत बसला तरी बंद. एवढी एक गोष्ट मला आवडली. पण आवडणं वेगळं, विश्वास वेगळा.

आमच्या संघटनेचा एक नंबर आहे. डोंगरातल्या पाड्यावर बाईला कळा सुरू झाल्या की दायी त्यावर मिस्ड कॉल देते आणि आमचा प्रोग्रॅम जीपवाल्याला फोन लावतो. कुणाला लावायचा ते मी साध्या मराठीत लिहितो, प्रियलचा प्रोग्रॅम ते वाचून तसं करतो. दिवलीबाई दायीच्या पाड्यासाठी मी लिहिलं होतं: नथ्थूला फोन लाव, नाही लागला तर दिवाल्याला लाव. नथ्थूची जीप खालच्या फाट्यावर असते म्हणून तो पहिला. हे सगळं प्रियल फुकट करून देत होती. फुकट म्हटलं की माझे कान उभे राहतात.

जानेवारीत त्या पाड्यावरच्या एका बाईला लोकांनी बांबूच्या झोळीतून तीन तास चालत फाट्यावर आणलं. बाई वाचली, मूलही वाचलं. दिवलीबाई छातीवर हात ठेवून सांगत होती की तिने मिस्ड कॉल दिला होता. नथ्थूला विचारलं तर म्हणाला, "घाटमा मन्हा फोन लागतच नही, दादा. मी काय करू?" दिवाल्या त्या दिवशी घरीच होता, फोन खिशात, आणि त्याला फोन आलाच नाही. मी मागचे तीन महिने तपासले. दिवाल्याला एकदाही फोन गेला नव्हता. आणि नथ्थू चालवतो ती जीप कुणाची? महावीरशेठची. प्रियलच्या काकाची.

आता सांगा, मी काय समजायचं?

आमची माणसं म्हणाली, जा आणि भांड. एरवी मला सांगावं लागत नाही. पण भांडलं की समोरचा सावध होतो. दिवलीबाईची सून काजल हिला नववा लागला होता, म्हणजे माझ्या हातात दोन-तीन आठवडे होते. मी गुपचूप नावं उलटी केली. दिवाल्या पहिला, नथ्थू दुसरा. दिवाल्याला सांगितलं, फोन बंद ठेव. दिवलीबाईला सांगितलं, बरोबर अकराला मिस्ड कॉल दे. आणि मी तळोद्याच्या स्टँडवर नथ्थूला चहा पाजत बसलो. पोरीने काकाची सोय केली असेल, तर आता नथ्थूचा फोन वाजायलाच हवा.

वाजला नाही. दोन चहा झाले. नथ्थू म्हणाला, "आज तू चहा पाजी ऱ्हायना दादा, म्हंजे काहीतरी भानगड शे." खरं सांगायचं तर माझा हिरमोड झाला होता. चोर सापडला असता तर सोपं होतं.

तसाच माळ्यावर गेलो आणि प्रियलला सगळं तोंडावर सांगितलं, काकाच्या जीपसकट. तिचा चेहरा उतरला. वाद न घालता तिने पडद्यावर एक झाड काढून दाखवलं, मूळ वर आणि फांद्या खाली असं. म्हणाली, माझा प्रोग्रॅम तुमचं वाक्य वाचून त्याचं हे झाड करतो, प्रत्येक कामाची एक गाठ. ‘नथ्थूला फोन लाव’ ही एक गाठ. ‘नाही लागला तर’ ही तिच्या शेजारी दुसरी, सुटी. दुकानातल्या यादीसारखी, एक ओळ एक काम. पहिला फोन फसला की त्या गाठीखाली पुढचं काहीच नाही, म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबायचा. दुसऱ्या ओळीपर्यंत कधी पोचायचाच नाही.

"मी तपासलं होतं, वीरसिंगदादा," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी पहिलाच फोन लागला."

"तळोद्यात बसून लागणारच."

मी तिला खिडकीशी नेलं. खाली डोंगरात जाणाऱ्या जीपवर गाठोडी चढत होती. प्रत्येक गाठोड्याला सुतळीने दोन चिठ्ठ्या. एका गाठोड्याच्या पहिल्या चिठ्ठीवर घेणारीचं नाव, कालीबाई; दुसरीवर ‘कालीबाई नसली तर दिवलीबाई’.

"दुसरी चिठ्ठी कशाला बांधलीय बघ. गाठोड्याला. जीपच्या दांडीला बांधली असती तर कुणाचं काय कुणाला द्यायचं, ते ड्रायव्हरला कळलं असतं का?"

ती टेबलाशी परतली. मग कागदावर एकच गाठ काढली, वर लिहिलं ‘प्रयत्न’. खाली दोन फांद्या: डावीकडे करायचं काम, उजवीकडे ते फसलं तर करायचं काम. दोन्ही मिळून एक वस्तू, आता सुटी होणार नाही. डावीकडे नथ्थू लिहिला, उजवीकडे दिवाल्या. पेन उजव्या फांदीवरच थांबलं.

"दिवाल्याचाही नाही लागला तर?"

ते मी लिहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी तिला शिकवायला गेलो होतो. मग म्हटलं, कमलबाई. फाट्यावर तिची चहाची टपरी आहे, रस्त्यात उभी राहिली तर एसटीसुद्धा थांबवते. प्रियलने दिवाल्याच्या जागी तशीच आणखी एक ‘प्रयत्न’ गाठ काढली. तिच्या डावीकडे दिवाल्या गेला, उजवीकडे कमलबाई आली. संध्याकाळी मी आधी कुणाचाच नाही, मग नथ्थूचा, मग नथ्थू-दिवाल्या दोघांचे फोन बंद ठेवून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर.

अकराव्या दिवशी भरदुपारी काजलला कळा सुरू झाल्या. नथ्थू घाटात. दिवाल्या खांडबाऱ्याला लग्नात, बँडपुढे नाचत. कमलबाईचा फोन वाजला. नंदुरबारला मिरची उतरवून रिकामा परतणारा टेंपो तिने आडवं उभं राहून थांबवला, ड्रायव्हरला झापलं आणि वर पाठवला. काजलला मुलगी झाली, तळोद्याच्या दवाखान्यात, खाटेवर. सासू-सून दोघी टेंपोतल्या मिरचीने तेवढ्या शिंकत होत्या.

काकाबद्दल बोललो ते मी परत घेतलं नाही. पुन्हा काढलंही नाही. पण महिन्यातून एकदा, प्रियलला न सांगता, कुणाचा तरी फोन मी बंद ठेवायला लावतो.

परवा ती म्हणाली, "दादा, काल दिवाल्याचा फोन तुम्हीच बंद करायला लावला ना?"

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कुणाचाही फोन नाही लागला की मला कळावं म्हणून मीही एक फांदी टाकलीय," ती म्हणाली, आणि दिवस कलला म्हणून लॅपटॉप मिटून जेवायला खाली गेली.