जुळ्या बहिणीची उंची

सुनेनं तूप कढवायला ठेवलं की त्या वासानं मी आजही लढाईच्या दिवसांतल्या एका लग्नघरात जाऊन पोचते. माझी जुळी बहीण सोना पाळण्यात असतानाच कडेगावच्या मावशीला दत्तक दिलेली. तिथं पाण्याचा मळा होता, दारात दुभत्या म्हशी होत्या. आमच्या माण तालुक्यात बाजरीची भाकरी आणि चटणी, तीही दुष्काळात अर्धीच.

बाराव्या वर्षी मामाच्या लग्नात आम्ही पहिल्यांदा भेटलो. बायकांनी हौसेनं आम्हाला पाठीला पाठ लावून उभं केलं. माझं डोकं तिच्या मानेपाशीच संपलं. तिच्या जाडजूड वेणीला लोण्याचा वास येत होता. कुणीतरी माझ्याकडं बघत म्हणालं, "ही धाकटी व्हय?" माझा नुसता जळफळाट झाला.

मागच्या दारी आई भांडी घासत होती. मी तिला विचारलं, "मावशीला मला का न्हाई दिलंस?"

आईनं मान वर केली नाही. "ती मुठीएवढी हुती गं. माझं दूध दोघींना पुरंना. तू दांडगी हुतीस. म्हटलं, ही जगंल कोंड्यावर बी."

सोना आता थकलीय, पण अजून माझ्याहून वीतभर उंच आहे. आईचं म्हणणं मला पटतं. तरी सोना शेजारी येऊन उभी राहिली की मी टाचा उचलते.