तवा छातीवर, उत्तर पोटात

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. सकाळी जरीपटक्यातून कॉलेजच्या पोट्ट्यांचा (पोरांचा) ट्रक निघाला, तं मी मांगं कढया सांभाळत बसलो होतो. मी त्यांचा आचारी. त्यांचे सर त्याइले नकाशा अन् कंपास पाहून रान हुडकाले शिकवत. पाच जागी लाल झेंड्या लपवाच्या, दरेक झेंडीखालची चिठ्ठी घेऊन याचं.

खापरखेड्याच्या पुढे उतरलो. मीबी एक नकाशा अन् कंपास मागितला. सर हसले, "तुम्हाला बसची पाटी वाचता येत नाही, नकाशा काय वाचणार?"

खरंच हाय. मौद्याची बस म्हणून बसलो अन् दोनदा काटोल पाहून आलो. पन पोट्टे हसले अन् माह्यं डोकं फिरलं.

"सर, दिवस बुडाच्या आत पाचही चिठ्ठ्या आनतो. नाही आनल्या तं जिंदगीत नकाशाले हात लावनार नाही. आनल्या तं पुढच्या खेपेले माहा तवा तुमी उचलाचा."

"मंजूर."

तवा मी छातीवर बांधला. भाकरीचा तवा कोनाच्या भरोशावर सोडत नसते. त्याच्यावर कोनी मटन परतलं तं भाकर वर्षभर चिकटते. कंपास छातीशी धरून निघालो. सर सांगत, लाल टोक उत्तरेकडे. पन मी जिकडे वळलो तिकडे काटा माह्याकडेच. मले वाटलं, उत्तर आपल्याच पोटात हाय. उपाशी होतो, म्हणून पटलंबी.

दोन तासात एकच पळस तीनदा भेटला. मंग कन्हान नदी लागली. काठावर एक म्हातारी म्हशीइले पानी पाजत होती.

"काहून गा, लग्नाचं घर हुडकून राहिला का?"

"उत्तर हुडकून राहिलो, माय."

"तवा ठेव अन् पानी पे आधी."

तवा खाली ठेवून चार पावलं नदीकडे गेलो, अन् काटा गरकन फिरला. तव्यापाशी आलो, तं तव्याकडे. दोन तास मी आपल्याच लोखंडाच्या मांगं हिंडत होतो.

मंग नकाशा मातीवर पसरला. अक्षरं मोजून चार, बाकी रेघा. निळी रेघ नदीच्या अंगानं फिरवली, तं वीजघराच्या चिमण्यांची खूण बरोबर धुराकडे आली. वाचाले काही उरलंच नाही. पुढे कंपास पाहाच्या वेळी तवा दहा पावलं दूर ठेवत गेलो. चार झेंड्या सापडल्या. पाचवी बोरीच्या काट्यात होती, तिथं अर्धा पैजामा ठेवून आलो.

ट्रकापाशी पोचलो तं दिवस चिमणीले टेकला होता. पोट्टे कवाचेच परतले होते, चूल पेटून विझली होती अन् सगळे उपाशी; तवा माह्याकडे. सरांनी चिठ्ठ्या मोजल्या. पाच.

"सगळ्यांत शेवटी आलात."

"आलो. पन शर्त पयला येन्याची नव्हती."

परतताना मी कढयांपाशी नाही बसलो. ड्रायव्हरच्या बाजूले बसून रस्ता सांगितला, अन् दोनदा चुकवला. बसची पाटी मले आजबी वाचता येत नाही. पन पुढच्या खेपेले रानात सर पुढे होते, पाठीवर तवा, अन् मांगं मी नकाशा अन् कंपास घेऊन.

"जरा दूर चाला, सर," मी म्हटलं. "काटा तुमच्याकडे येऊन राहिला."