टाकीचे बारा हंडे

शिवडीला खाडीच्या अंगाला आमचं बैठं घर. गटाराची मोठी लाइन अजून आमच्यापर्यंत आलेली नाही, म्हणून संडासाची टाकी घरचीच, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. वडील होते तोवर तिचं सगळं तेच बघायचे. अवसेला आणि पुनवेला ते तिचं झाकण उघडू द्यायचे नाहीत. टाकी उपसून झाली की लगेच तीत बारा हंडे पाणी ओतायचे आणि झाकणाला हळदकुंकू लावायचे. संडासाला कसलं आलंय हळदकुंकू, म्हणून मी त्यांची भरपूर टर उडवली आहे.

ते गेल्यावर पहिल्यांदा टाकी तुंबली तेव्हा मी उपसणारी गाडी बोलावली. मिळाला तो दिवस नेमका अवसेचा. आईने अडवलं असतं, म्हणून ती नायगावला मावशीकडे गेलेली बघून मी काम उरकून घेतलं. गाडीवाल्याला म्हटलं, तळ दिसेपर्यंत ओढ. त्याने तासाभरात टाकी कोरडी केली आणि तो गेला. हंडे मी ओतले नाहीत.

बाराच्या सुमारास जेवायला बसलो आणि जमिनीखालून टक् असं वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा. आतून कुणी बोटाच्या पेराने ठोकावं तसं. मांडणीवरची ताटं किणकिणायला लागली. घरात मी एकटाच होतो. मला भीती वाटली, आणि सरळ सांगतो, वडिलांचीच वाटली.

बाहेर जाऊन टाकीत बॅटरी मारली. कुणी ओतत नसताना आत पाणी चढत होतं. मैल्याचं नव्हे, विटांच्या फटींतून झिरपणारं, नितळ. स्वयंपाकघराखालची भिंत आत फुगली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यातली एक वीट सुटली, खाली पडली आणि तोच आवाज आला. अजून थोड्या विटा गेल्या असत्या तर स्वयंपाकघर टाकीत बसलं असतं. मी नुसता बघत उभा राहिलो.

तेवढ्यात आई आली. तिने दारातच कान देऊन ऐकलं, पिशवी टाकली, नळाची नळी टाकीत सोडली आणि माझ्या हातात हंडा दिला.

"आत पाणी नसला काय अवसे-पुनवेची मोठी भरती भिंत ढकलता," ती म्हणाली. "तेंका ठावक होता. माका एक शब्द इचारूक काय झाला होता तुका?"

आम्ही ओतत राहिलो. आई हंडे मोजत होती. बाराव्याला आवाज थांबला. ओट्याला तेवढी एक भेग पडली.

पुढे गवंडी आणून भिंत बांधून घेतली. त्यानंतर टाकी कधी रिकामी ठेवली नाही. तरी गेल्या अवसेला, ऐन भरतीला, आम्ही दोघं जेवायला बसलो असताना पुन्हा टक् वाजलं. मी उठून बघून आलो. टाकी भरलेली होती आणि पाणी अगदी स्थिर होतं.

"इले," आई म्हणाली, आणि तिने तिसरं ताट घेतलं.

मी सरकून त्या ताटाला जागा दिली.