गल्लीचे सेक्रेटरी

चायना चाचांना कुठंही न्या, मशिदीत न्या, नाही तर चहाच्या टपरीवर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथं सेक्रेटरी कोण?"

चाचा दाभोळच्या बाजूचे, बोटीवरचे जुने खलाशी. त्यांची बोट एकदा इंजिन बिघडून कित्येक महिने शांघायला अडकली होती. तिथल्या नगरपालिकेच्या एका दुभाष्यानं त्यांना शहराचा सगळा कारभार समजावून सांगितला. पुढं दुबईच्या खाडीवर माल उतरवून घ्यायचं काम धरलं, तरी चाचांच्या डोक्यातून शांघाय उतरलं नाही. खाडीकाठच्या देरा भागात, खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांच्या आमच्या गल्लीत मी राहायला आलो, तेव्हा हातात चहा येण्याआधीच चाचा सुरू झाले.

"वर महापौर. त्याला चार-पाच उपमहापौर. एकाकडे पाणी, एकाकडे शाळा, एकाकडे कारखाने. खाली खाती, मग जिल्हे, मग रस्त्याची कचेरी. आणि सगळ्यात खाली गल्लीची कमिटी. कुणाची चूल पेटली नाही, तरी कमिटीला कळतं!"

"म्हणजे महापौर सगळ्यात मोठा," मी म्हणालो.

चाचा याच वाक्याची वाट बघत होते. "चुकलास! मोठा पार्टीचा सेक्रेटरी. फोटोत महापौर मधोमध. पण कुठं उभं राहायचं ते सेक्रेटरी सांगतो."

चीनशी लढाई झाली, तेव्हा काहीजण त्यांच्याकडे तिरके बघू लागले. चाचा म्हणाले, "लढाई सरकारांची. मी सांगतो ते गल्लीचं." आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या गल्लीत कमिटी काढलीच! महापौर केला दाद मोहम्मदला. हा बलुची हमाल सहा फूट उंच आणि लाजाळू. पाण्याचा उपमहापौर एक मलबारी शिंपी, आग विझवायच्या वाळूच्या बादल्यांचा उपमहापौर मी. सेक्रेटरी अर्थातच चाचा.

"पण सेक्रेटरीला निवडलं कुणी?" शिंप्यानं विचारलं.

चाचा खो-खो हसले. "मीपण तिथं हेच विचारलं होतं. दुभाष्या छताकडे बघायला लागला!"

आम्ही हे सगळं गमतीत घेत होतो. मग एका दुपारी वारा सुटला असताना टोकाच्या झोपडीत स्टोव्ह भडकला. झावळ्या कडाकडा पेटल्या. लोक ट्रंका घेऊन धावू लागले, तेवढ्यात चाचा एका पिंपावर चढून गरजले, "कमिटी! यल्ला, चला!" आणि काय सांगू, पाय आपोआप जागेवर गेले! शिंप्यानं पाण्याच्या डब्यांची रांग लावली, मी वाळू पोचवत राहिलो. पण वाऱ्यापुढं आमचं काही चालेना. आगीच्या वाटेतली एखादी झोपडी पाडून मोकळी जागा करायलाच हवी होती.

"पुढची पाडा!" चाचांनी हुकूम सोडला.

"नहीं!" आवाज दाद मोहम्मदचा होता. सेक्रेटरीला न विचारता तो पहिल्यांदाच बोलत होता. "आग वहाँ पहुँच गई. तीसरा तोड़ो!"

तिसरी झोपडी चाचांची होती.

चाचा क्षणभर पिंपावर तसेच उभे राहिले. मग उडी मारून धावले आणि आपल्या घराचा पहिला दोर त्यांनीच कोयत्यानं तोडला. दाद मोहम्मदनं खांदा लावून खांब आडवा केला. ट्रंक तेवढी बाहेर आली. आग त्या मोकळ्या जागेपाशी आली, फुसफुसली आणि तिथंच बसली. सगळी गल्ली ओरडत होती, नाचत होती, काळ्या तोंडांनी एकमेकांच्या गळ्यात पडत होती!

"खलास," चाचा जमिनीवर बसत म्हणाले. "आजपासून सेक्रेटरी बंद. महापौरच वर."

त्यांची झोपडी आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा बांधली.

काही वर्षांनी रेडिओवर बातमी आली, शांघायमध्ये महापौर आणि सेक्रेटरी दोघांनाही लोकांनी खाली खेचलं. पोरं चाचांना चिडवायला जमली. चाचा एवढंच म्हणाले, "त्या दुभाष्याचं काय झालं असेल रे?" आणि आत निघून गेले.

चाचांचं कायमचं गावी जायचं ठरलं, तेव्हा सगळी गल्ली खाडीवर आली. बोट बाहेर समुद्रात उभी होती, माणसं लाँचनं तिच्यापर्यंत जात. लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी चाचा वळले आणि दाद मोहम्मदपुढं ताठ उभे राहिले.

"महापौरसाहब, जाने की इजाज़त?"

दाद मोहम्मदनं मान हलवली. "नहीं," तो कसाबसा म्हणाला.

चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरून ठेवला. मग लाँचवाल्यानं हाक मारली.