डावीकडचं घर

शशी गेल्याचं शालनवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. त्याच्या आजारपणाने त्या थकल्या होत्या, डिचोलीहून पार्सेला त्याच्या घरी खेपा घालून मीही थकलो होतो... रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

खाणीच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी, जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळाचा पट ठरलेला. शशीचा खेळ दुष्ट होता. माझी प्यादी पुढे गेली, की ज्याला राखायला एकही प्यादं उरलं नाही असं घर तो हेरायचा आणि तिथे घोडा आणून बसवायचा. मग तो घोडा नकोशा पाहुण्यासारखा तळ ठोकायचा. मी चिडलो की म्हणायचा, "कमकुवत घर सोडूचा नाय. दया करूची तर देवळात जा."

मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. डोळे शाबूत, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच तो विसरला. ताटातला उजवीकडचा भात संपवून "आणि वाढ" म्हणायचा. वहिनी मुकाट्याने ताट फिरवायच्या. पटावरही तेच. डावीकडची सगळी घरं उघडी पडलेली, आणि मी तिकडे जायचंच टाळू लागलो. शशी जिंकत राहिला. त्याला कळत नाही, असं मला वाटायचं.

एका रविवारी तो हात आखडून बसला. "डावीकडे कित्याक येणस नाय रे? ही ताट फिरवता, ता माका कळता. पेशंट बघूक येतस, काय खेळूक? खेळूचा नसात तर चाय पी नि घराक जा."

माझा जीव तुटला, आणि रागही आला. बसवला घोडा डावीकडच्या घरात! थोड्याच चालींत मात झाली. राजा कुठून मेला, तेच शशीला दिसेना. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी कप खाली ठेवले आणि ताट फिरवावं तसा पट फिरवला.

"मेल्या! ह्यो घोडो हयसर कदी बसलो रे?" शशी अर्ध्या तोंडाने हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "फुडच्या आयतवारा ये. तुझ्या घोड्याक उठवतंय की नाय बघ."

वहिनींचा फोन त्याआधीच आला.

आता रविवारी मी तोच डाव घोडा बसला तिथवर मांडतो आणि शशीच्या बाजूने खेळायला बसतो. घोडा उठवायला एकही प्यादं नाही... शशीने तो उठवला असता. मला जमत नाही.